कापणं सोपं, थर धरून ठेवणं अवघड: कंपोझिट आणि वॉटरजेट

बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याच्या वजनात जवळपास निम्मा वाटा कंपोझिटचा, म्हणजे रेझिन या चिकट, नंतर कडक होणाऱ्या पदार्थात तंतू बसवून केलेल्या साहित्याचा आहे. एअरबस ए३५० मध्ये तो ५३ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो, आणि आपल्या तेजसच्या सांगाड्यातही वजनानं सुमारे ४५ टक्के कंपोझिटच आहे. पंखांचं बाहेरचं आवरण, शेपटीचे भाग, दारं अशा गोष्टी कार्बन फायबरचे थर साच्यावर एकावर एक बसवून आणि मग ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत उष्णता नि दाब देऊन तयार होतात. ऑटोक्लेव्हमधून निघालेला भाग मात्र तसाच विमानावर चढत नाही. त्याच्या कडा मुद्दाम थोड्या मोठ्या ठेवलेल्या असतात, तिथे रेझिन ओघळून कडक झालेलं असतं. त्या कडा आखणीप्रमाणे कापाव्या लागतात. तपासणीच्या झडपांसाठी मोठी भोकं आणि बोल्टसाठी लहान भोकं पाडावी लागतात. इथवर येईपर्यंत त्या भागावर महागडं साहित्य आणि कित्येक तासांची मेहनत खर्ची पडलेली असते. त्यामुळे कापताना झालेली चूक सगळ्यात महाग पडते.

हे कापकाम करायची एक पद्धत म्हणजे ॲब्रेसिव्ह वॉटरजेट, म्हणजे प्रचंड वेगानं सोडलेली पाण्याची बारीक धार आणि तिच्यात मिसळलेले गार्नेट या खनिजाचे कण. पाण्यानं पोलाद कापतानाचे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिलेले असतात. त्यावरून वाटतं की जिच्यापुढे पोलाद टिकत नाही, त्या धारेला रेझिनमध्ये बसवलेले धागे कापणं किरकोळच असणार. धागे कापले जातात, यात शंका नाही. कंपोझिटमध्ये अवघड गोष्ट वेगळीच आहे. थर एकमेकांपासून सुटू न देता कापायचं असतं.

ताकद एका दिशेची

कार्बन फायबरचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. असे हजारो तंतू एका दिशेत मांडून, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून एक पातळ थर बनतो. त्याची जाडी मिलीमीटरच्या सातव्या-आठव्या भागाइतकी भरते. एका थरात तंतू लांबीच्या दिशेनं, पुढच्यात आडवे, त्याच्या पुढच्यात ४५ अंशात, अशी रचना करत पाहिजे तेवढी जाडी गाठतात. चांगल्या भागात आकारमानानं ६० टक्क्यांच्या आसपास तंतूच असतात, बाकी रेझिन.

आता ताकदीचे आकडे बघा. तंतूंच्या दिशेनं ओढलं तर असा थर २,००० मेगापास्कलच्या घरातला ताण सहन करतो. तेच जाडीच्या दिशेनं, म्हणजे एक थर दुसऱ्यापासून उचलून वेगळा करायला, साधारण ५० ते ८० मेगापास्कल पुरतात. कारण तिथे तंतू कामाला येत नाहीत, दोन थरांना धरून ठेवणारं फक्त रेझिन असतं. हा पंचवीस ते चाळीस पटींचा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. थर सुटण्याला कारखान्यात डीलॅमिनेशन म्हणतात. ते बाहेरून दिसेलच असं नाही, आणि एकदा झालं की वापरात येणाऱ्या ताणानं ते पसरत जातं.

सुतारकाम पाहिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्लायवूडला ड्रिलनं भोक पाडताना बिट पलीकडे निघता निघता मागच्या बाजूनं ढलपा उचलला जातो. ड्रिल खाली ढकलत असतं, शेवटच्या एक-दोन थरांना मागून आधार नसतो, आणि ते कापले जाण्याआधी सुटतात. कार्बन फायबरमध्ये ड्रिल आणि राउटर (फिरत्या पात्यानं कडा कापणारं यंत्र) नेमकं हेच करतात. त्यात कार्बनचे तंतू टूलची धार भराभर घासून टाकतात. धार बोथट झाली की कापण्यापेक्षा ढकलणं वाढतं, आणि ढकलणं वाढलं की थर सुटतात. म्हणून विमान उद्योगात कृत्रिम हिऱ्याचं टोक बसवलेली महागडी टूल वापरतात, तीही ठरावीक अंतर कापून झालं की बदलतात. शिवाय काळी, बारीक धूळ उडते. ती श्वासात जाणं वाईटच. त्यात कार्बन वीजवाहक असल्यामुळे ती मशीनच्या विजेच्या कपाटात शिरली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं.

लेझरचं दुखणं निराळं. इपॉक्सी काहीशे अंशांवर जळून जातं, कार्बनचा तंतू मात्र ३,००० अंशांच्या वर गेल्याशिवाय उडून जात नाही. तंतू कापायला लागणारी उष्णता दिली की कडेजवळचं रेझिन जळतं आणि तंतू उघडे पडतात. लेझरवर काम चालू आहे, प्रगतीही आहे, पण जाड भागांसाठी ही अडचण मोठीच आहे.

धार तयार कशी होते

सुरुवात पंपापासून. बहुतेक मोठ्या मशीनवर इंटेन्सिफायर असतो. त्यात तेलाच्या दाबानं मोठं पिस्टन ढकललं जातं आणि त्याला जोडलेलं लहान पिस्टन पाणी दाबतं. दोन्हींच्या क्षेत्रफळात वीस पटींचा फरक ठेवला तर तेलाच्या २०० बारचे पाण्यात ४,००० बार होतात. काही पंप ६,००० बारपर्यंतही जातात. घरगुती नळाला दोन-तीन बार दाब असतो. ४,००० बारला पाणीसुद्धा आक्रसतं, तेही दहा टक्क्यांहून जास्त. पाणी दाबलं जात नाही हे शाळेत शिकलेलं वाक्य इथे लागू पडत नाही.

हे पाणी नीलमणी, माणिक किंवा हिऱ्याच्या खड्यातल्या एका भोकातून बाहेर पडतं. हे भोक एका मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकं. तिथे दाबाचं वेगात रूपांतर होतं. साधं गणित केलं तर ४,००० बारला हा वेग सेकंदाला साडेआठशे-नऊशे मीटर निघतो, म्हणजे हवेतल्या ध्वनीच्या वेगाच्या अडीच पट. एवढ्या वेगानं जाणारी धार आपल्याबरोबर हवा खेचते. त्या खेचण्यामुळे बाजूच्या नळीतून गार्नेटचे कोरडे कण आपोआप आत ओढले जातात. मग पाणी, हवा आणि कण टंगस्टन कार्बाइडच्या नळीतून एकत्र बाहेर पडतात. ही फोकसिंग ट्यूब साधारण ७५ ते १०० मिलीमीटर लांब आणि आतून मिलीमीटरभर किंवा त्याहून थोडी अरुंद असते. बाहेर येणाऱ्या धारेचं आकारमान मोजलं तर त्यात बहुतांश हवाच असते.

कापण्याचं काम कण करतात, पाणी त्यांना फक्त वेग देतं. मिनिटाला साडेतीन लिटर पाणी आणि साडेतीनशे ग्रॅम गार्नेट, हा नेहमीचा हिशोब धरू. ८० मेश म्हणून विकला जाणारा कण साधारण ०.२ मिलीमीटरचा असतो. गार्नेटची घनता पाण्याच्या चौपट, म्हणजे एका कणाचं वजन १७ मायक्रोग्रॅमच्या आसपास. साडेतीनशे ग्रॅममध्ये असे दोन कोटी कण बसतात. म्हणजे दर सेकंदाला तीन लाखांहून जास्त टोकदार कण, प्रत्येक जण सेकंदाला काहीशे मीटर वेगानं, त्याच एका ठिकाणी येऊन आदळतात. कार्बनचा तंतू ठिसूळ, तो आघातानं तुटतो. रेझिन तुलनेनं मऊ, ते खरवडलं जातं. प्रत्येक कण अगदी कणभरच काढतो आणि खाली निघून जातो. नवा कण नवी धार घेऊन येतो, त्यामुळे टूल बोथट होण्याचा प्रश्नच इथे राहत नाही. घासते ती फोकसिंग ट्यूब, आणि काही डझन तासांच्या वापरानंतर ती बदलावी लागते. गार्नेटऐवजी ॲल्युमिनाचे आणखी कठीण कण वापरले तर कापणं वेगानं होतं, पण ट्यूब फार लवकर संपते. म्हणून गार्नेट.

या पद्धतीचे दोन मोठे फायदे इथेच दिसतात. उष्णता पाण्याबरोबर वाहून जाते, त्यामुळे रेझिनला अपाय होईल इतकं तापमान चढत नाही. आणि जॉबवर, म्हणजे कापल्या जाणाऱ्या भागावर, येणारा जोर नगण्य असतो. वरचेच आकडे घेऊन धारेचा संवेग काढला तर ती पूर्ण अडली तरी जोर सुमारे ५० न्यूटन, म्हणजे पाच किलो वजनाइतका भरतो. आरपार कापताना त्यातला बराच खालीच निघून जातो. त्यामुळे पंखासारखा लांब, लवचीक भाग धरायला अवजड फिक्स्चर, म्हणजे पकडून ठेवणारी चौकट, लागत नाही. धुळीचाही प्रश्न सुटतो, कारण ती पाण्यातच बसते.

ही कल्पना एका झटक्यात आलेली नाही. १९५० च्या दशकात वनशास्त्राच्या क्षेत्रातले अभियंते नॉर्मन फ्रान्झ यांना लाकूड कापायची नवी पद्धत हवी होती. पाण्याच्या स्तंभावर जड वजन टाकून ते पाणी बारीक भोकातून ढकलायचे प्रयोग त्यांनी केले. धार क्षणभरच टिकायची, पण लाकूड कापायची. १९५८ मध्ये नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत बिली श्वाचा यांनी जवळपास ६,९०० बारची द्रवाची धार वापरून कठीण मिश्रधातू कापून दाखवले. ध्वनीच्या तिप्पट वेगानं उडणाऱ्या एक्सबी-७० व्हॅल्किरी विमानाच्या हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी पोकळ घरं असलेल्या, पॅनेलसाठी ती वापरली गेली, आणि तिथे थर सुटायला लागले. उत्पादनाची पद्धत बदलावी लागली. मला या कथेतला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. थरांच्या वस्तूवर पाण्याची धार वापरण्याच्या पहिल्याच मोठ्या प्रयत्नात जो दोष समोर आला, त्याच्याशीच आजही झगडा चालू आहे.

धारेत कण मिसळण्याचं काम मोहम्मद हाशिश यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लो या कंपनीत हाती घेतलं. १९८३ मध्ये असं पहिलं व्यावसायिक यंत्र विकलं गेलं, ते मोटारीच्या काचा कापण्यासाठी. विमानाचे कंपोझिट भाग पुढे ओघानं आले.

भोक पाडतानाचा पहिला सेकंद

मघाचा आकडा आता परत घेऊ. थरांना एकमेकांपासून सोडवायला ५० ते ८० मेगापास्कल पुरतात. पंपाचा दाब ४,००० बार, म्हणजे ४०० मेगापास्कल. धार कुठेतरी पूर्ण अडली की तिच्या वेगाचं पुन्हा दाबात रूपांतर होतं. वाटेत कणांना ढकलण्यात आणि हवेत मिसळण्यात तिची बरीच शक्ती गेलेली असते हे खरं. पण थर उचकटायला मूळ दाबाचा पाचवा हिस्सासुद्धा पुरेसा आहे.

मग पॅनेल कापताना दर वेळी थर का सुटत नाहीत? कारण आरपार कापताना धार अडत नाही. समोर कापला जाणारा पृष्ठभाग तिरपा, जवळजवळ उभा असतो. धार त्याला घासून जाते आणि खालून बाहेर पडते. पाण्याला मोकळी वाट असते, त्यामुळे दाब साठत नाही.

पॅनेलच्या मधोमध भोक पाडायला सुरुवात केली की परिस्थिती नेमकी उलटी होते. धार वरून आत शिरते, खाली अजून वाट नाही. आत गेलेलं पाणी त्याच अरुंद भोकातून वर यायला बघतं, वरून नवी धार येतच असते. त्या बंद भोकाच्या तळाशी दाब वाढतो. पहिल्या आघातानं रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात, पाणी त्यांत शिरून त्या फाकवतं. पाण्यापाठोपाठ गार्नेटचे कण भेगेत घुसतात आणि तिथेच अडकून बसतात. धार बंद झाल्यावरही ते थर पूर्ण मिटू देत नाहीत. वरून बघितलं तर भोक छान गोल दिसतं, आणि आत त्याच्याभोवती सुटलेल्या थरांचं एक वर्तुळ लपलेलं असतं.

यात आणखी एक गोष्ट भर घालते. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडल्यावर पाणी लगेच बाहेर पडतं, पण गार्नेट नळीतून ओढलं जाऊन नोझलपर्यंत यायला किंचित वेळ लागतो. म्हणजे पहिले काही क्षण पॅनेलवर नुसतं पाणी आदळतं. नुसतं पाणी तंतू नीट कापत नाही, उचकटण्याचं काम मात्र उत्तम करतं. सगळ्यात धोक्याची अवस्था हीच.

यावरचे उपाय या कारणांतूनच निघतात. सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पॅनेलच्या बाहेरून, कडेवरून कापत आत यायचं, भोक पाडायचंच नाही. बाहेरची कड ट्रिम करताना ते सहज जमतं. मधली खिडकी कापायची असेल तर आधी ड्रिलनं एक लहान भोक पाडून धार तिथून सुरू करता येते. धारेनंच भोक पाडायचं असेल तर ते नेहमी टाकाऊ भागात, शेवटच्या रेषेपासून पुरेसं लांब पाडतात, म्हणजे थर थोडे सुटले तरी तो भाग कापून फेकला जातो. दाब सुरुवातीला कमी ठेवून भोक आरपार झाल्यावर वाढवणं, हा पुढचा उपाय. चांगल्या मशीनवर नोझलच्या डोक्याला व्हॅक्यूम जोडलेला असतो. तो पाणी सुटण्याआधीच गार्नेट ओढून आणतो, त्यामुळे पहिल्या थेंबाबरोबर कण हजर असतात. काही प्रयोगांत पाणी आधीच खूप तापवतात. नोझलमधून सुटल्यावर त्याची वाफ होते आणि बंद भोकात पाणी साचत नाही.

बोल्टच्या लहान भोकांचं काय? पाच-सहा मिलीमीटरच्या भोकात टाकाऊ भागच किती उरणार? तिथे आधी भोक पाडून मग रेषेपर्यंत सरकायला जागा नाही. शिवाय विमानातल्या बोल्टच्या भोकाला मायक्रॉनांत मोजायची अचूकता लागते. म्हणून ती भोकं बहुतेक ठिकाणी अजूनही ड्रिलनंच पाडतात, आणि ते योग्यच आहे. कुणी एकच मशीन सगळं करेल असं सांगितलं तर या भोकांबद्दल जरूर विचारावं.

घाई केली की खालची बाजू बोलते

धार पट्टीसारखी ताठ नसते. वरच्या पृष्ठभागावर ती जोरात असते, खाली जाता जाता शक्ती गमावते आणि मागे रेलते. नोझलचं डोकं पुढे सरकलेलं असतं, धारेचं खालचं टोक मागे राहिलेलं असतं. त्यामुळे कापलेल्या कडेवर वरून खाली तीन पट्टे दिसतात. सगळ्यात वर कड थोडी गोलसर झालेली असते, कारण धारेच्या बाहेरच्या अंगाचे भरकटलेले कण तिथे आपटतात. मधला पट्टा गुळगुळीत. खालचा खडबडीत, मागे वाकलेल्या रेघांचा. डोकं पुढे सरकवण्याचा वेग वाढवला की गुळगुळीत पट्टा आक्रसतो आणि रेघा वर सरकतात.

धातूमध्ये या रेघा फार तर दिसायला वाईट. पुढे हवं तर मशिनिंग करून त्या काढता येतात. कंपोझिटमध्ये तसं नाही. वेग इतका वाढला की धार खालपर्यंत पोहोचेचना, तर खालचे थर न कापता राहतात. म्हणजेच तळ बंद होतो आणि पुन्हा तीच बंद भोकाची अवस्था येते. पाणी खालच्या थरांना आतून ढकलतं आणि ते सुटतात. कोपऱ्यातही हेच घडतं. डोकं वळतं, खालचं टोक अजून मागच्याच दिशेला असतं, त्यामुळे कोपऱ्याच्या तळाशी खाच पडते. म्हणून कोपऱ्याजवळ वेग आधीच उतरवतात. गुणवत्ता म्हणजे फक्त खडबडीतपणा, असं समजून वेग ठरवणाऱ्यांची इथे फसगत होते.

कापलेली फट सहसा वर रुंद आणि खाली अरुंद असते. हा उतार एक-दोन अंशांचा भरतो. पाच अक्षांच्या मशीनवर डोकं तेवढंच तिरपं करून हा सगळा उतार टाकाऊ बाजूकडे ढकलता येतो, आणि कामाची कड सरळ मिळते. नोझल जॉबपासून दोन-तीन मिलीमीटरवर ठेवतात. अंतर वाढलं की धार फाकते, फट रुंद होते आणि वरची कड जास्त गोल होते. वक्र पॅनेलवर हे अंतर टिकवणं सोपं नसतं, त्यासाठी डोक्याला सेन्सर लावतात.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक सांगावंसं वाटतं. या विषयावरच्या प्रोजेक्टमध्ये दाब, वेग, अंतर आणि गार्नेटचं प्रमाण बदलून खडबडीतपणा आणि उतार मोजायचा, तक्ता करायचा आणि सगळ्यात चांगली जोडी काढायची, हा शिरस्ता झालाय. मेहनत खरी असते. पण खडबडीतपणाचा एक आकडा कंपोझिटमध्ये फार थोडं सांगतो. त्याच आकड्याच्या दोन कडांपैकी एकीत तंतू ओढून निघाल्यामुळे पडलेले खड्डे असू शकतात, दुसरीत नसू शकतात. थर सुटलेत का, हे अल्ट्रासॉनिक तपासणी केल्याशिवाय किंवा कड कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कळत नाही. एवढी सोय कॉलेजात नसेल तर शेजारच्या संस्थेत दोन नमुने तरी तपासून घ्यावेत. त्या दोन नमुन्यांनी अख्ख्या तक्त्याचा अर्थ बदलू शकतो.

सगळी कंपोझिट सारखी वागत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. काचेच्या तंतूंचं कंपोझिट कार्बनच्या मानानं सोपं जातं. अरामिड, म्हणजे केव्हलरच्या जातीचा तंतू, चिवट असतो. तो तुटण्याऐवजी वाकतो आणि कडेला केसाळ लव उरते. मध्ये हनीकोंब असलेल्या सँडविच पॅनेलमध्ये वेगळी पंचाईत होते. त्याच्या पोकळ घरांत पाणी आणि गार्नेट शिरून बसतं. धार जॉबला क्षणभरच स्पर्शते, त्यामुळे भरीव पॅनेल फारसं पाणी पीत नाही. हनीकोंबला मात्र कापल्यावर नीट धुऊन, ओव्हनमध्ये वाळवावं लागतं. आणि टायटॅनियम नि कार्बन फायबर एकत्र जोडलेला भाग असेल तर धार टायटॅनियमच्या हिशोबानं हळू चालवावी लागते, तोवर कार्बनमधली फट गरजेपेक्षा रुंद होऊन बसते.

वर्कशॉपमधलं रोजचं

गार्नेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतून मिळतं. जगात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पोर्ट ग्रेगरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ओडिशा आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर ते सापडतं, आणि आयआरईएल ही सरकारी कंपनी ओडिशातल्या छत्रपूरला वाळूतून ते वेगळं काढते. वॉटरजेटच्या रोजच्या खर्चात गार्नेटचा वाटा मोठा असतो.

ते कोरडं ठेवावं लागतं. पावसाळ्यात, त्यातही किनाऱ्याजवळच्या दमट हवेत, उघड्या पोत्यातल्या गार्नेटच्या गुठळ्या होतात आणि नळी तुंबते. धातू कापताना तुंबली तर कापणं थांबतं, ऑपरेटर शिव्या घालून नळी साफ करतो आणि पुढे जातो. कंपोझिट कापताना तुंबली तर त्या क्षणापासून पॅनेलवर नुसतं पाणी आदळत राहतं, आणि थर सुटतात. लाखो रुपयांचा भाग एका गुठळीनं जाऊ शकतो. म्हणून विमानाच्या कामाच्या मशीनवर गार्नेटचा प्रवाह थांबल्याचं ओळखून पाणी लगेच बंद करणारी व्यवस्था असते. पाण्याचंही तसंच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार खड्याच्या भोकावर साचतात, धार फाकते. पाण्यावर आधी प्रक्रिया करण्याचा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

धार झेलणाऱ्या मशीनखालच्या टाकीच्या तळाशी जो गाळ साचतो त्यात गार्नेटचा चुरा, रेझिन आणि कार्बनचे तुकडे असतात. तो नाल्यात सोडता येत नाही, अधिकृत विल्हेवाटीकडे द्यावा लागतो. आणि सुरक्षेबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. धार हाताला लागली तर जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसू शकते, आत मात्र पाणी नि कण खोलवर गेलेले असतात. मलमपट्टी करून कामाला लागायचं नाही. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं आणि डॉक्टरांना ही जास्त दाबाच्या पाण्याची जखम आहे हे स्पष्ट सांगायचं.

हा विषय फक्त विमानांपुरता राहिलेला नाही. गोव्याची किनेको कंपनी रेल्वेच्या डब्यांपासून विमानापर्यंतचे कंपोझिट भाग बनवते. पुण्यात आणि इतरत्र कॉलेजांतली मुलं रेसिंग कार आणि ड्रोनसाठी कार्बन फायबरच्या प्लेट कापून घेतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची प्लेट जवळच्या जॉब शॉपमध्ये, म्हणजे इतरांची कामं करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये जाते, आणि तिथे रोज ग्रॅनाइट नि स्टीलच कापलं जातं. ऑपरेटर कसबी असतो, पण त्याची सवय स्टीलची. तो प्लेटच्या मधोमध पूर्ण दाबानं भोक पाडतो, कारण स्टीलमध्ये ते चालतं.

अशा वेळी ड्रॉइंग देतानाच बोलून घ्यावं. बाहेरची रेषा कडेवरून सुरू करायला सांगावी. आतल्या कापांसाठी तीन-चार मिलीमीटरची भोकं ड्रिलनं आधीच पाडून प्लेट न्यावी, आणि ती कुठे आहेत हे ड्रॉइंगमध्ये दाखवावं. ड्रिल करताना प्लेटखाली लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा, म्हणजे मागचे थर उचलले जाणार नाहीत. प्लेट टाकीच्या पट्ट्यांवर नुसती ठेवू नये. खाली टाकाऊ प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा आधार देऊन ती घट्ट बांधायला सांगावी, कारण खालून उसळून आलेलं पाणीही शेवटचा थर उचकटतं. वेग स्टीलच्या तक्त्यावरून न घेता त्याच प्लेटच्या टाकाऊ तुकड्यावर एक काप घेऊन ठरवावा. त्या कापाची खालची कड भिंगातून बघावी. तंतू लोंबत असतील किंवा थरांमध्ये पांढुरकी रेघ दिसत असेल तर वेग कमी करावा.

भाग घरी आणल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून कडेला पातळ इपॉक्सीचा हात फिरवावा. त्याआधी भोकांच्या आजूबाजूला नाण्यानं हलकेच टकटक करून ऐकावं. ही पद्धत विमानांच्या देखभालीतही वापरतात. भरीव ठिकाणी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या ठिकाणी बद्द. पातळ प्लेटमध्ये किंवा अगदी कडेजवळ तो फरक कानाला कळेलच असं नाही. म्हणून मोटर किंवा सस्पेन्शनचा भार ज्या भोकावर येणार आहे तिथे शंका वाटली तर तो भाग बाजूला ठेवून दुसरा कापून घ्यावा.